हळूच खाली, मग वर

मी देवीशी बोलणं सोडलं होतं. दिवा लावत होते, हळदकुंकू वाहत होते, पण ते आपलं हाताच्या सवयीनं. एरवी माझं कसं, भाजी चिरता चिरता, मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता मनातल्या मनात बनशंकरीशी बोलणं चालूच असायचं. आज सून अशी म्हणाली, आज आमटी खारट झाली, सगळं तिला सांगायचं. आमच्या घराण्याची देवी ती, सासूबाईंनी मला सोपवलेली. पण आमच्या मालकांना अर्धांगवायूचा झटका आला, डावी बाजू गेली, आणि दवाखान्यातून घरी आणल्यावर दिवस काही सुधरेनात, तेव्हापासून माझी जीभ देव्हाऱ्यापुढे आखडली. मागायचं ते मागून झालं होतं. रुसायचंही रुसून झालं होतं. आता काय उरलं बोलायला, असं वाटायचं.

आम्ही सीमाभागातल्या वडगावचे, विणकर. घरात पुढच्या सोप्यात पॉवरलूम, मागच्या खोलीत आम्ही. आमची गल्लीच तशी आहे, प्रत्येक दारामागे माग. सकाळी सुरू झालेली खडखड संध्याकाळपर्यंत थांबत नाही. बाहेरचा माणूस आला तर कानावर हात ठेवतो, आम्ही मात्र त्या आवाजात झोपतोसुद्धा. फक्त एक आहे, आत कुणी हाक मारली तर बाहेर कळत नाही. मालक उभ्या अंगाचे, थोराड हाडापेराचे. मी त्यांच्या खांद्याला कशीबशी लागते. लग्नात माझ्या नणंदा म्हणायच्या, हिला खिशात घालून नेतोय की काय आमचा अण्णा. तो माणूस आता खाटेवर, आणि त्याला उचलायची मी.

दवाखान्यातल्या सिस्टरनं निघताना सगळं समजावून दिलं होतं म्हणे. पण त्या वेळी रिक्षा दारात, औषधांची पिशवी कुणाकडे, चप्पल कुठे, या गोंधळात मी नुसती मान हलवली असणार, आणि मुलगा तिकडे फोनवर. घरी आल्यावर आम्ही आमच्या डोक्यानं करायला गेलो. आणि आमचं डोकं म्हणजे विणकराचं डोकं. आम्हा लोकांचा दोरीवर भारी विश्वास हो. धागा तुटला, मार गाठ. पट्टा सैल झाला, बांध दोरी. माझ्या मुलानं, संजूनं, आणि शेजारच्या दोघांनी मिळून खाटेच्या वर, तुळईला एक जाड दोरी बांधली. मागावर नक्षी पाडणाऱ्या जेकार्डचं एवढं ओझं वर बांधणारी माणसं ती, त्यांना दोरीचं काय अवघड? खाली हाताला येईल अशी गाठ मारली. कल्पना अशी, की मालकांनी चांगल्या उजव्या हातानं दोरी धरायची, ओढायची आणि उठून बसायचं, उभं राहायचं. मी मागून बगलेत हात घालून रेटा द्यायचा. गल्लीतले लोक बघून गेले. काय डोकं लावलंय म्हणाले. मलाही लई अभिमान वाटला.

पण तसं होईना. दोरी ओढली की त्यांचं डोकं मागं जायचं, छाती आभाळाकडे, आणि पाय फरशीवरून पुढं पुढं सरकायचे. मी बगलेतून ओढायची तर डावा खांदा दुखायचा, एवढा की डोळ्यांतून पाणी यायचं. दोनदा आम्ही दोघं मिळून पडलो. एकदा माझी कंबर अशी धरली की मला चुलीपुढून उठता येईना. गाठ काही सुटली नाही हं, आमची गाठ सुटत नाही. माणूस मात्र सुटायचा. मग त्यांनी मनच काढून घेतलं. खाटेवरून हलवायला गेलं की अंग ताठ करायचे. पाठीला लाल चट्टे पडायला लागले. जेवण खाटेवर, बाकीचंही खाटेवर. ज्या माणसानं जन्मात कधी कुणाकडून पाण्याचा तांब्या मागून घेतला नाही, त्याला हे सगळं बायकोकडून करून घ्यायची लाज वाटायची.

संजूला मी दोष देणार नाही. त्याला माझी काळजी लागली. आई, एक खाट आहे तर दुसरी टाकायला लावू नकोस, म्हणाला. शहरात एक जागा आहे, तिथं असे पेशंट ठेवून घेतात, उचलायला बाया-माणसं असतात, स्वच्छ ठेवतात. चौकशी करून ठेवली त्यानं. मालकांना सांगितलं तेव्हा त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. बोलणं जड झालं होतंच. तसंच एवढं म्हणाले, “मला न्हेऊ नका.” संजू उठून बाहेर गेला आणि बंद मागापाशी उगाच काहीतरी पुसत बसला. मी बघितलं ना, त्याचे खांदे हलत होते. माझ्या पोटात तेव्हापासून एकच होतं, हे इथं राहतात की जातात. पण ठेवायचं म्हटलं तरी मी कशी ठेवणार? मला उचलता येत नाही. सरळ गोष्ट होती.

त्या दिवशी संजू ती जागा बघायला गेला होता, ठरवूनच येतो म्हणाला. सून तिच्या आईचं दुखणं म्हणून जांबोटीला गेलेली. तिकडची एसटी सापडली तर सापडली, ती काही लगेच यायची नव्हती. घरात आम्ही दोघंच. दुपारी करंट गेला. आपल्याकडे करंट जाणं म्हणजे काही नवल नव्हे, पण मला तेव्हा रागच आला, पंखा बंद, ते घामानं भिजलेले, पाठीचे चट्टे चुरचुरणार. सगळी गल्ली एकदम गप्प झाली. इतकी गप्प की समोरच्या घरातली भांडी वाजलेली ऐकू यावीत.

त्या शांततेत मालक म्हणाले, बसव. आपणहून म्हणाले, इतक्या दिवसांनी. मला वाटलं, संजू काय ठरवून येतोय ते त्यांना कळलंय, म्हणून शेवटचं बघताहेत. मी घाईनं दोरी हातात दिली, मागून बगलेत हात घातले. ओढलं. आणि व्हायचं तेच झालं. पाय सरकले, अंग खाटेच्या कडेवरून घसरलं, अर्धं वर, अर्धं खाली. त्यांचा उजवा हात दोरीला, आणि बाकीचं सगळं ओझं माझ्या दोन हातांवर. सोडावं तर आपटतील, धरावं तर माझ्या कमरेतून कळ निघालेली. तेव्हा कितीतरी दिवसांनी माझ्या तोंडून आलं, मोठ्यानं, “आई बनशंकरी, धर गं.”

दारात सावली आली. कुणीतरी कन्नडात विचारलं, आत कोण आहे, काय झालं. मी मान वळवून बघितलं तर एक बाई. माझ्याच वयाच्या, पांढऱ्या काठाची साडी, हातात काठी. एक पाय ओढत, एक हात पोटाशी मुडपून धरलेला, अशा त्या उंबऱ्यातून आत आल्या. खरं सांगते, त्या अवस्थेतही माझ्या मनात आलं, देवी, पाठवायचंच होतं तर एखादं धडधाकट माणूस तरी पाठवायचंस. ही तर स्वतःच अर्धी.

त्यांनी एकदा बघितलं आणि मराठीत म्हणाल्या, “सोडा त्यास्नी.”

मी म्हटलं, सोडू कशी, पडतील ना. ओरडलेच असेन. त्या काठीवर भार देऊन जवळ आल्या, आवाज अजिबात न चढवता म्हणाल्या, “आक्का, टाका म्हनतीय व्हय मी? सोडा म्हनतीय. तुमचा पाय पुढं घ्या, त्यावरनं घसरू द्या हळूच. भुई हाय की खाली. भुईच्या खाली कुठं जातासा?” मग मालकांना म्हणाल्या, “अण्णा, दोरी सोडा तुम्ही बी. डोकं छातीकडं घ्या.”

काय सांगू तुम्हाला, ते सोडणं मला किती जड गेलं. पण धरायचा जीवच उरला नव्हता. मी एक पाय पुढं टाकला, गुडघ्यात वाकले आणि त्यांचं अंग माझ्या मांडीवरून, पायावरून हळूहळू खाली जाऊ दिलं. कपड्याचा तागा हातातून उलगडत जावा तसे ते खाली गेले. फरशीवर टेकले. काहीच लागलं नाही. मी पण तिथंच बसले, त्यांच्या डोक्याखाली उशी सरकवली. आम्ही दोघं फरशीवर धापा टाकत, आणि त्या बाई खुर्चीवर बसून आमच्याकडं बघताहेत. म्हणाल्या, आता श्वास घ्या, कुणी उचलायची घाई करायची नाही, आधी कुठं लागलंय का बघा. मी हातपाय, डोकं सगळं चाचपून बघितलं. मालकांनी डोळे उघडले आणि त्या बाईंना विचारलं, कोण म्हणून.

त्या चिकोडीकडच्या. जैन कुटुंबातल्या. नातीच्या लग्नाची साडी घ्यायला जावयाच्या गाडीतून आलेल्या. जायचं होतं दोन गल्ल्या पलीकडे, आमच्याच आडनावाच्या दुसऱ्या घरी. कोपऱ्यावर कुणीतरी चुकीचं बोट दाखवलं आणि जावई गाडी लावायला गेला तोवर या एकट्याच चालत आमच्या दारापर्यंत आल्या. बाहेरून माझी हाक ऐकली. त्या म्हणाल्या, एवढे माग म्हणतात वडगावात, पण गल्ली अगदी शांत होती, म्हणून ऐकू आलं. करंट असता तर मी कितीही बोंबलले असते तरी दारातल्या माणसाला कळलं नसतं. मी काही सिद्ध करायला बसलेली नाही. करंट रोज जातो, लोक रोज पत्ता चुकतात. घडलं ते घडलं तसं सांगते.

माग बंद म्हणून गल्लीतले बाप्ये कट्ट्यावर बसलेलेच होते. त्यांना बोलावलं. ते लगेच हाताला पायाला धरायला धावले, तर बाईंनी काठी आडवी केली. जाडी चादर मागितली, मालकांना कुशीवर करून ती खाली सरकवली, चौघांनी चार कोपरे धरले, एकानं एक-दोन-तीन म्हटलं आणि एकदम उचललं. डावा हात पोटावर ठेवून, कुणी ओढायचा नाही. आमच्या शेजारचे आप्पा म्हणाले, देवीच्या पालखीलाबी आम्ही एवढं जपत नाही. मालक हसले. तोंडाच्या एका बाजूनं, पण हसले. मला ते हसू बघून रडूच फुटलं.

चहा केला. चहात साखर लई झाली म्हणून बाई कुरकुरल्या, डॉक्टरनं कमी सांगितलीय म्हणाल्या, आणि तरी सगळा प्यायल्या. दिवस मावळायच्या आत घरी पोचून जेवायचं असतं त्यांना, म्हणून जावई दारातून घाई करत होता. त्यांनी त्याला हातानंच गप्प केलं. त्या मालकांच्या समोर खुर्ची घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, मला झटका आला तेव्हा मला एकच दुःख होतं, बस्तीत जाऊन उभ्यानं दर्शन होणार नाही, वाकून नमस्कार होणार नाही. बस्ती म्हणजे त्यांचं देऊळ. तर तिकडच्या दवाखान्यातली व्यायाम शिकवणारी मुलगी त्यांना म्हणाली होती, आजी, तुम्हाला नमस्कार येतो ना, मग उठता पण येईल. उठायचं म्हणजे वर जायचं नसतंच आधी. आधी पुढं वाकायचं.

आणि त्यांनी करून दाखवलं. बूड खुर्चीच्या कडेला आणलं. पाय मागं घेतले, गुडघ्याच्या जरा आत, टाचा फरशीला. चांगल्या हातानं लुळा हात धरला, दोन्ही हात जोडून पुढं केले. मग वाकल्या, नाक पायाच्या बोटांच्या पुढं जाईपर्यंत, देवापुढं वाकतात तशा. आणि वाकल्या वाकल्या बूड आपोआप उचललं गेलं. काठी न धरता उभ्या राहिल्या. मालक खाटेवरून टक लावून बघत होते. भिंतीकडं बघणारा माणूस हो, तो आता माणसाकडं बघत होता.

“जमत न्हाई,” मालक म्हणाले.

“मला तरी कुठं जमत हुतं अण्णा? तुमच्या त्या दोरीनं वर बघायला लावलं तुमास्नी. वर बघून कोन उठतंय? खाली बघा.”

मी त्यांच्या डाव्या बाजूला, लुळ्या अंगाच्या बाजूला, समोर उभी राहिले. बाईंनी सांगितलं तसं मालकांचं धोतर चौपदरी करून कमरेला पट्ट्यासारखं बांधलं, ते मी धरायचं. बगलेत हात घालायचा नाही, हात ओढायचा नाही, मानेला मिठी मारू द्यायची नाही. माझा गुडघा त्यांच्या लुळ्या पायाच्या गुडघ्याला लावायचा, तो लटपटू नये म्हणून. माझी पाठ ताठ, वाकायचं ते गुडघ्यातून. फरशी कोरडी, पाय मोकळे. त्यांचा हात त्यांनीच धरला. आणि बाई म्हणाल्या, आक्का, तुम्ही उचलायचं नाही हं, ते उठतील. तुम्ही फक्त सोबत. मी म्हटलं, मग चला. आम्ही तिघांनी मिळून एक-दोन-तीन म्हटलं. ते वाकले, एवढे वाकले की त्यांचं कपाळ माझ्या खांद्याला लागलं. मला वाटलं, आता दोघं गेलो पुढं. आणि त्याच क्षणी ते ओझं माझ्या अंगावरून गेलं, कुठं गेलं कळलं नाही, त्यांच्याच पायात गेलं. ते उभे होते. हलत होते, धापा टाकत होते, पण उभे. किती महिन्यांनी माझ्या डोळ्यांसमोर त्यांची छाती आली आणि मला त्यांच्याकडं बघायला मान वर करावी लागली.

तेवढ्यात करंट आला. सगळ्या गल्लीतले माग एकदम सुरू झाले, पंखा फिरला. बाई काहीतरी म्हणाल्या ते कुणालाच ऐकू आलं नाही. मालकांना खाटेवर बसवलं, तेही बाईंनी शिकवलं होतं, मांडीच्या मागच्या बाजूला खाट लागेपर्यंत बसायचं नाही. मग जावयानं बाईंना नेलं. त्यांचं नाव विचारायचं माझं राहूनच गेलं. खण तेवढा ओटीत घातला आणि पाया पडले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, तो चांगला हात.

संजू आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. ती जागा बरी होती म्हणे, माणसं बरी होती, खाट मिळत होती. मालकांनीच उजव्या हातानं त्याला थांब म्हणून खुणावलं, मला बोलावलं, आणि आम्ही पुन्हा उठून दाखवलं. संजूनं विचारलं, “आई, तू उचललंस?” मी म्हटलं, “न्हाई रं, उठले ते.” तो दाराच्या चौकटीला टेकून उभाच राहिला. मग खिशातला फोन काढून त्या लोकांना सांगितलं, सध्या राहू दे. सध्या म्हणाला, पण त्याच्या आवाजातून मला कळलं.

दुसऱ्या दिवशी त्यानंच आमच्या दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या मुलीला घरी आणलं. तिनं खांदा तपासला, हाताला झोळी बांधायला दिली, खाटेच्या पायाखाली विटा ठेवून खाट जरा उंच करायला सांगितली, म्हणजे उठायला सोपं जातं. खुर्ची नेहमी त्यांच्या चांगल्या बाजूला लावायची म्हणाली. उठल्यावर लगेच चालायचं नाही, जरा थांबायचं, चक्कर येत नाही ना बघायचं. आमचं बघून खूश झाली. ही कुणाची शिकवण म्हणून विचारलं. संजू तुळईची दोरी सोडायला गेला. गाठ काही सुटेना, शेवटी विळ्यानं कापली.

त्या साडीच्या घरी मी मुद्दाम जाऊन विचारून आले. हो, आल्या होत्या, साडी घेऊन गेल्या, घासाघीसही केली म्हणे लई. मला हसू आलं. कुणी म्हणेल, साक्षात देवी आली. मी तसं म्हणत नाही. ती चिकोडीकडची बाई होती, साखरेवरून कुरकुरणारी, साडीवर घासाघीस करणारी. पण माझी हाक कुणापर्यंत पोचवायची आणि त्यासाठी काय काय बंद ठेवायचं, हे ठरवणारं कुणीतरी आहे असं मला वाटतं, आणि मी आता त्यावर वाद घालत नाही. माझं बोलणं पुन्हा चालू झालं देवीशी. आधी मी तिला म्हणायची, बळ दे. आता म्हणत नाही. मला वाटायचं, घट्ट धरून ठेवणं म्हणजेच भक्ती, माणसाला बी आणि देवाला बी. धरून धरून माझ्या कमरेचा खुर्दा झाला. सोडलं तेव्हा खाली भुई होती. तिच्यावर टेकल्यावरच कळलं की ती किती वेळ तिथं होती.

मालक पूर्ण बरे झाले असं नाही. डावा हात अजून तसाच. पण न्हाणीत जातात, माझ्या सोबतीनं. पाठीचे चट्टे सुकले. सकाळी ऊन यायला लागलं की आम्ही दोघं उठायचा तो आमचा नमस्कार करतो, समोरासमोर, आणि दाराशी खुर्चीत येऊन बसतो. कट्ट्यावरनं आप्पा विचारतात, काय अण्णा, पालखी आली काय? हे मान हलवतात. मी बाजूला पाटावर बसते. परवा असंच बसले होते आणि माझं लक्ष गेलं, माझे दोन्ही हात मांडीवर रिकामे पडलेत. काही धरलेलं नाही. हे रस्त्याकडं बघताहेत, माग खडखडताहेत, आणि मला कुठंही जायची घाई नाही.